मांगला हिशोब

जळगाव-धुळे-नंदुरबारच्या खेड्यांत शेतीचं वर्ष 1 जानेवारीला बदलत नाही, पाडव्यालाही बदलत नाही. ते बदलतं आखाजीला. अक्षय्य तृतीया म्हटली की शहरात सराफांच्या जाहिराती सुरू होतात. आमच्याकडे मात्र निंबाला टांगलेले झोके, खापरावरचे मांडे, सांजोऱ्या आणि पितरांची घागर आठवते. आणि सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आठवतो. त्याचं साल आखाजीला संपतं आणि पुढचं आखाजीलाच सुरू होतं. कोण राहणार, कोण सोडणार, कोणाला कुठल्या मळ्यावरून बोलावणं आलं, यंदा साल, म्हणजे वर्षाचा मोबदला, किती फुटलं, याच्या गप्पा चैत्र उतरणीला लागला की पारावर रंगायला लागतात.

ही वेळ कोणी मुद्दाम निवडली असेल असं वाटत नाही, ती शेतीनेच ठरवलेली आहे. चैत्र सरता सरता कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, आणि गहू घरात आलेला असतो. केळीचे बागायतदार सोडले, तर बहुतेकांची जमीन नांगरून उन्हात तापत पडलेली असते. शेत रिकामं आणि कणग्या भरलेल्या. वर्षभरात कोणी काय केलं, कोणाचं काय देणं राहिलं, हे निवांत बसून बघता येईल असे हेच काय ते दिवस. मृग लागला की मान वर करायला सवड नसते.

मी जळगावला राहते, शाळेत शिकवते. माहेर चोपडा तालुक्यातलं, एका अंगाला तापी आणि उत्तरेला सातपुडा दिसणारं. लग्न झाल्यापासून आखाजीला मी माहेरवाशीण म्हणून जात आले. मुराळी म्हणून भाऊ घ्यायला येणार, माय सांजोऱ्यांचा डबा भरून ठेवणार, दुपारी आमरस, संध्याकाळी झोका, जाताना लुगडं. शेताचा हिशोब तेव्हाही चालायचा, पण तो ओसरीवर, आणि आम्ही पोरी आत चुलीजवळ. यंदा मी ओसरीवर बसणार आहे. आखाजी आता आठवड्यावर आली आहे आणि गेले काही दिवस माझ्या डोक्यात दुसरं काहीच नाही.

मागची आखाजी 30 एप्रिल 2025 ला होती. तेव्हा आण्णा, माझे वडील, होते. त्यांनीच आमच्या सालदाराचं, बापूंचं, साल ठरवलं, त्यांनीच घागरीवर खरबूज ठेवलं. मग मे महिन्यातच असा पाऊस लागला की जुन्या माणसांनाही तसा मे आठवेना. मान्सून 24 मे ला केरळात आणि दुसऱ्या दिवशी कोकणात उतरला. सगळ्यांना वाटलं, आवंदा पिकणार. कृषी खातं दर वर्षी सांगतं की जूनच्या आधी कपाशी लावू नका, बोंडअळीचं चक्र तुटू द्या. पण ओल समोर दिसत असताना शेतकऱ्याचा हात धरणार कोण? ठिबकवर आमचीही कपाशी लवकर लागली. पोळ्यापर्यंत तिच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. आण्णा त्या दिवसांत फार चालू शकत नव्हते, पण खाटेवर बसून बापूंना विचारायचे, कैऱ्या, म्हणजे हिरवी बोंडं, किती लागल्या, पातेगळ किती.

गणपती उठले आणि पितरपाटा लागायच्या तोंडावर आण्णा गेले. दहाव्याला घाटावर उभं राहवेना इतका पाऊस होता. सप्टेंबरचा तो पाऊस मराठवाड्यापासून खान्देशापर्यंत ज्यांनी बघितला त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही सुतकातून बाहेर पडून शेतात गेलो तेव्हा खालच्या फांद्यांवरच्या कैऱ्या काळ्या पडलेल्या होत्या. हातात घेऊन दाबली की आतून कुजकं पाणी यायचं. सरकीला झाडावरच कोंब फुटलेले. बापूंनी अशी एक कैरी फोडून माझ्या हातावर ठेवली आणि काही बोलले नाहीत. मला तेव्हा बाप गेल्याचं रडू आलं की कपाशी गेल्याचं, हे वेगळं करता आलं नाही. आमच्या घरात या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

उरलेल्या कापसाचं पुढे काय झालं हेही त्याच हिशोबात येतं. 2025-26 साठी मध्यम धाग्याचा हमीभाव 7710 रुपये आणि लांब धाग्याचा 8110 रुपये जाहीर झाला होता. पण कापूस वेचणीला यायच्या आधीच, 19 ऑगस्टला, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क केंद्राने उठवलं. पहिल्यांदा सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात येण्याच्या काळातच बाहेरच्या कापसाला दार उघडं. हमीभावाने द्यायचा तर मोबाइल अ‍ॅपवर नोंदणी हवी, सातबारा हवा, आणि ओलावा 8 ते 12 टक्क्यांच्या आत हवा. भिजलेला कापूस तिथे कुठून बसणार? आणि सातबारा तर गेलेल्या माणसाच्या नावावर. शेवटी खेडा खरेदीवाल्याला दारातच घातला, हमीभावाच्या पुष्कळ खाली. राज्य सरकारने ऑक्टोबरात 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आमच्या वाट्याचं जे काही होतं ते वारस नोंद होईपर्यंत अडकलं. गावात अशी आणखी घरं होती. पावसाळ्यात माणूस जाणं म्हणजे शेतकऱ्याच्या घरात दुहेरी मरण असतं, एवढं या वर्षी मला कळलं.

दिवाळीनंतर जिभाऊने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, आण्णांची वही काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, कोपरे तेलकट झालेली. सालदाराचं खातं आण्णा दर वर्षी नव्या पानावर सुरू करायचे. वर मधोमध ‘आखाजी ते आखाजी’, डावीकडे ठरलेलं साल आणि धान्य, उजवीकडे उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. उजवी बाजू वाचत गेलं की एका घराचं अख्खं वर्ष उलगडतं. पोळ्याला कपडे. मुलाच्या तापाला दवाखाना. सासऱ्याच्या दहाव्याला भाडं. शाळेचा गणवेश. दिवाळीचं तेल-साखर. एका वर्षी मुलीचं लग्न, आणि ती रक्कम इतकी मोठी की पुढच्या पानावर ‘मागील बाकी’ म्हणून आली, त्याच्या पुढच्या पानावरही आली, आणि दर वर्षी थोडी थोडी कमी होत शेवटच्या पानापर्यंत पोहोचली. आण्णांचं अक्षर त्या शेवटच्या पानावर थरथरतं आहे, पण बेरीज बरोबर आहे.

साल पद्धतीबद्दल गोड बोलणं मला जमणार नाही. आमच्या भागात साल आता लाखाच्या वर गेलं आहे, तरी सालदार मिळत नाहीत अशी तक्रार सगळेच बागायतदार करतात. का मिळत नाहीत ते त्या उजव्या रकान्यात लिहिलेलं आहे. उचल घेतलेला माणूस साल पुरं झालं तरी मोकळा होत नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा आहे. सालदार म्हणजे वेठबिगार नव्हे, हे खरं. दोघांच्या मर्जीने साल ठरतं, आखाजीला तो सोडूनही जाऊ शकतो. पण ‘मागील बाकी’ असताना किती जण सोडून जातात? रात्री पाण्याची पाळी, पहाटे गोठा, सणाच्या दिवशीही बैलांचं चारापाणी, आणि त्याची बायको न मोजता कामाला. आण्णा माणूस म्हणून चांगले होते. बापूंच्या घरी दुखलं-खुपलं की आधी आण्णांचे पाय तिकडे वळायचे. तरीही ते पान तसंच आहे. चांगुलपणाने रकाना बदलत नाही.

मी आणि जिभाऊने ठरवलं की ही बाकी सोडून द्यायची, खातं बेबाक करायचं. बापूंना बोलावलं. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत, ओसरीच्या कडेला बसले, पाणी प्यायले. जिभाऊने सांगितल्यावर बराच वेळ ते वहीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “फुकट नको. आन्ना व्हते तवय फुकट लिधं नही.” आणि थोड्या वेळाने, “पहिले मांगला हिशोब करा, मंग पुढलं बोला.”

मग आम्ही खरंच मागला हिशोब केला, पान पान मागे जात. त्यात असं निघालं की केळीची पिलबाग (पहिल्या पिकानंतर पिलांवर राखलेली बाग) ठेवली होती त्या वर्षी बापूंच्या बायकोने घड वाहिले, खतं टाकली, त्याची मजुरी कुठेच धरलेली नव्हती. कपाशीच्या वेचणीत तिचे किलो मोजले जायचे, पण गोठ्याचं शेण-पाणी, धान्य निवडणं, माय आजारी असताना स्वयंपाक, हे ‘सालात आलं’ असंच सगळे धरून चालले होते. ते धरल्यावर बाकी आमच्याच अंगावर निघाली. फार मोठी नाही, पण निघाली. जिभाऊने तिथल्या तिथे ती रक्कम मावशींच्या, म्हणजे बापूंच्या बायकोच्या, हातात दिली. बापूंचा चेहरा मी तेव्हा बघितला. दयेने दिलेलं आणि हक्काचं मिळालेलं, यात माणसाच्या पाठीचा कणा किती वेगळा दिसतो!

आणि मग पुढलं बोलणं निघालं तेव्हा बापूंनी मागितलं ते आम्हाला अपेक्षित नव्हतं. “आवंदा साल नको माले. वाटा द्या.” त्यांचा मुलगा सुरतेला उधन्यात लूमवर आहे, तो सालदार होणार नाही, त्याने तसं स्पष्ट सांगितलं आहे. पण बापाला वाटा मिळाला तर तो हंगामाला येईन म्हणतो. विहिरीजवळचा तुकडा बापूंना निम्म्या बटाईने हवा आहे. बी-खत निम्मं-निम्मं, उत्पन्न निम्मं-निम्मं, कष्ट त्यांचे.

जिभाऊच्या मनात लगेच शंका आली, कूळ लागलं तर, म्हणजे कसणाऱ्याने जमिनीवर हक्क सांगितला तर? ही भीती आमच्याकडे 1948 च्या कुळकायद्यापासून घराघरात मुरलेली आहे. त्यामुळे बटाई तोंडीच ठरते, कागदावर येत नाही. आणि कागदावर नसल्याने अतिवृष्टीचं अनुदान, पीक विमा, सगळं सातबारावाल्याच्या खात्यात जातं. ज्याने चिखल तुडवला त्याला मालकाने दिलं तर मिळतं. सप्टेंबरसारखा पाऊस पुन्हा आला तर बापूंचं काय, याचं उत्तर आधी ठरल्याशिवाय बटाई देऊ नये असं माझं मत आहे. जिभाऊ आता तयार आहे: जे काही अनुदान येईल त्यातही निम्मं, आणि हे वहीत लिहून दोघांच्या सह्या. कायद्याच्या दृष्टीने त्या पानाला काय किंमत आहे ते असू दे. गावात लिहिलेल्या शब्दाला अजून मान आहे.

सातबाराचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवत होते, पण तो टाळून वर्षाचा हिशोब पुरा होत नाही. माणूस गेला की घरात वारस नोंदीचं निघतं आणि पाठोपाठ ‘पोरींची सही’ निघते. हक्कसोड. कोणी जबरदस्ती करत नाही. तेराव्याला जेवायला बसलेले चुलते सहज म्हणतात, “पोरींचं काय, त्या देऊन टाकतील सही.” महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखाच हक्क 1994 मध्ये दिला, देशभर तो 2005 मध्ये आला, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो जन्मानेच आहे, 2005 मध्ये बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. हे सगळं मी वर्गात मुलांना शिकवलेलं आहे. तरी आमच्या ओसरीवर ‘मी सही देणार नाही’ हे वाक्य उच्चारताना माझी जीभ कोरडी पडली होती.

जिभाऊ गप्प झाला. तो वाईट माणूस नाही, त्याला फक्त असं वाक्य ऐकायची सवय नव्हती. चुलत्यांपैकी एक उठून गेले. बोलली ती माय. आतल्या खोलीतून, दाराआडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “तुन्हा बापनी जमीन शे. तू काय परकी शे का? लाव नाव.”

माझ्या धाकट्या बहिणीने मात्र सही द्यायचं ठरवलं आहे. ती सुरतेला असते, तिचं म्हणणं आहे की जमिनीत नाव लागलं की माहेर जातं, आणि तिला माहेर हवं आहे. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिच्या सासरच्या गावात नाव लावलेल्या पोरींना पुढे कोणी मुराळी पाठवला नाही, हे तिने डोळ्यांनी बघितलेलं आहे. तिची भीती खोटी नाही. मला एवढंच वाटतं की हक्क आणि माहेर यांतलं एकच निवडायला लावणारी ही रीत बदलायची तर कोणीतरी नाव लावून, आणि तरीही आखाजीला माहेरी जाऊन दाखवलं पाहिजे. म्हणून हे वर्ष माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

नोंदीचा अर्ज झाला, नोटिशीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. नवा उतारा हातात आला तेव्हा आण्णांच्या नावाला कंस झालेला होता आणि खाली मायचं, जिभाऊचं, बहिणीचं आणि माझं नाव. बहिणीचं नाव तिची हक्कसोड नोंदली गेली की निघेल. शासनाने मागच्या वर्षी मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची मोहीम काढली होती, तिला नाव दिलं होतं ‘जिवंत सातबारा’. ते योग्यच आहे, कागदावर जिवंत माणसं हवीत. गेलेल्यांची जागा आमच्याकडे वेगळी आहे. आखाजीच्या सकाळी माय उंबरठा धुते, कुंकू पाण्यात कालवते, आणि एकेक बोट उंबरठ्यावर ओढत एकेक नाव घेते. पणजोबा, त्यांचे भाऊ, आजोबा, आजी, तान्हेपणी गेलेली माझी एक आत्या. कोणाचं बोट लांब उमटतं, कोणाचं थेंबभर. लहानपणी मी मागे उभी राहून मोजायची आणि नावं पाठ करायची. मग चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी पडते, तुपाचा धूर घरभर होतो, आणि ती आगारी होईपर्यंत आम्हाला सांजोरीला हात लावता येत नाही. यंदा आण्णांच्या नावाचं डेरगं, म्हणजे पितरांची लहान घागर, भरायचं आहे आणि उंबरठ्यावर एक बोट वाढणार आहे. माय म्हणते, तिच्याच्याने ते नाव घेववणार नाही. पहिल्यांदा मी घ्यावं असं तिचं म्हणणं आहे. मी हो म्हटलं आहे.

1 जानेवारीला मीही पूर्वी संकल्प लिहायची. पहाटे उठायचं, वाचायचं, वजन उतरवायचं. ते सगळं एकटीचं एकटीशी असायचं, मोडलं तरी विचारायला कोणी नाही. आखाजीला जे ठरतं ते समोर माणूस बसवून ठरतं. त्यात त्याचं पोट गुंतलेलं असतं. म्हणून यंदाच्या ठरवण्याला मला जास्त वजन वाटतं, आणि झोपही कमी लागते.

शेताचं आम्ही असं ठरवत आणलं आहे. कपाशी निम्म्यावर आणायची आणि जून लागल्याशिवाय टोकायची नाही, कितीही पाऊस पडो. फरदड ठेवायची नाही. गेल्या वर्षी जानेवारीनंतरही चार किलो कापूस निघेल या आशेने एका वावरात झाडं उभी ठेवली होती. त्या फरदडीतच बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते, हे आण्णा स्वतः दर वर्षी सांगायचे. यंदा डिसेंबर सरला की रान मोकळं. कपाशीत तुरीच्या ओळी पहिल्यासारख्या धरायच्या. एका तुकड्यात मका, आणि रब्बीला पुन्हा दादर. दादरचा पेरा आमच्या घरातून जवळजवळ संपला होता. कडबाही मिळतो आणि कळण्याच्या भाकरीला घरची ज्वारी असली की मायचा जीव थाऱ्यावर असतो. केळीचं मात्र अजून एकमत नाही. जिभाऊला कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरताना लावायची केळी, लावायची आहे, मला पाण्याची भीती वाटते. विहिरीने गेल्या उन्हाळ्यात साथ दिली म्हणून यंदाही देईल असं नाही. त्यावर बापूंचं मत घ्यायचं आहे, कारण विहीर आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळते.

माझ्याकडे हिशोब आहे. दर महिन्याच्या एका रविवारी जाऊन वही लिहायची, आणि ई-पीक पाहणी वेळेत करून घ्यायची. गावातल्या आणखी दोघी-तिघींनी विचारलं आहे की नाव लावायचं असेल तर कुठून सुरुवात करायची. त्यांच्याबरोबर जाऊन बसायचं आहे. हे सगळं होईल का, माहीत नाही. पण उत्साह आहे, आणि बाप गेल्यावर असा उत्साह वाटतो याचा मला संकोच वाटत नाही. आण्णांनाही आखाजी जवळ आली की असंच व्हायचं.

आदल्या दिवशी बहीण सुरत-भुसावळ गाडीने अमळनेरला उतरेल, जिभाऊ तिला घेऊन येईल. मी जळगावहून जाईन. दुपारची जेवणं झाली की वही उघडायची असं ठरलं आहे. एक गोष्ट अजून अधांतरी आहे. मावशींनी निरोप पाठवला आहे की नव्या पानावर बापूंच्या जोडीला त्यांचंही नाव लिहा. लिहायचंच आहे. प्रश्न कुठल्या रकान्यात, एवढाच. जिभाऊ म्हणतो खर्चाच्या बाजूला, रोजाने मजुरी म्हणून, म्हणजे पीक बुडालं तरी त्यांचं बुडणार नाही. मी म्हणते वाट्यात. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. मावशींना समोर बसवून दोन्ही आकडे मांडायचे आणि त्या सांगतील तसं लिहायचं.